तुमच्या जीपचे तीन काटे

आण्णा, तुमच्या तेराव्याला लोक जेवून उठले आणि हात धुता धुता म्हणाले, "माणूस चांगला व्हता, पण मगरूर. हाक मारली तरी वळून बघायचा न्हाय." मी त्यांच्या हातावर पाणी घालत होते. तांब्या हातावर धरावा की डोक्यावर उपडा करावा, एवढाच प्रश्न होता. सासऱ्याच्या तेराव्याला सुनेनं तमाशा केला असं म्हणायला गाव टपलेलंच होतं, म्हणून हातावर धरला. पण दात इतके आवळले होते की संध्याकाळपर्यंत जबडा दुखत होता.

त्याच पंगतीत बापूंनी जीपचा विषय काढला. बापू तुमचे पुतणे, माझे चुलत दीर. आता घरात कर्ता माणूस आपणच, हे त्यांनी तुमची राख निवायच्या आत ठरवून टाकलं. उमरग्याचं गिऱ्हाईक आहे, रविवारी गाडी बघायला येतंय, असं सांगून मोकळे झाले. वर मला म्हणाले, "वैनी, तेवढे तीन मीटर काढून ठेवा. म्हाताऱ्यानं डॅशची नुसती चाळणी केलीया." यांनी मान खाली घातली. तुमचा मुलगा तुम्हाला ठाऊकच आहे. डेपोतली नोकरी, सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं, गाडीतलं काही कळत नाही आणि चुलतभावापुढं तोंड उघडायची लहानपणापासून सवय नाही. मी म्हटलं, रविवारी बघू. तेव्हापासून रोज मनातल्या मनात तुमच्याशी भांडतेय.

भांडू नको तर काय करू? ही जीप म्हणजे आपलं दूध. ईट गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वस्त्यांवरून सकाळी कॅन गोळा करायचे आणि ऊन तापायच्या आत भूमला खव्याच्या भट्टीवर पोचवायचे. वाट नुसती दगडगोट्यांची. बापू म्हणतात तसला नवा टेम्पो पहिल्याच चढाला बसकण मारेल. जीप गेली की वस्त्यांवरचं दूध वस्त्यांवरच राहणार, आणि माझं गाडीवर जाणंही बंद होणार. यातलं दुसरं बापूंना जास्त हवं आहे, हे मला कळतं. तुम्हालाही कळलं असतं.

मी या घरात आले तेव्हा तुम्हाला मामंजी म्हणायची. तुमच्यासमोर पदर डोक्यावरून खाली येऊ द्यायची नाही. तेव्हा तुमच्या कानाची सगळीकडं ख्याती होती. कुणाचा ट्रॅक्टर बिघडला की तुम्हाला बोलावणं यायचं. तुम्ही लांब पेचकस घ्यायचात, टोक इंजिनाला टेकवायचात, मूठ कानाला लावायचात आणि डोळे मिटायचात. भोवतीची माणसं श्वास रोखून उभी. मग तुम्ही म्हणायचात, "दोन नंबरचा नोझल." दोन नंबरचाच निघायचा. मला वाटायचं, या माणसाला देव जरी आजारी पडला तरी आवाजावरून कळेल.

असल्या माणसाला साठीच्या अलीकडं-पलीकडं मीटरचं वेड लागलं. पहिला आला टेम्परेचरचा. आपल्या जीपच्या डॅशवर मूळचे दोनच काटे. एक किलोमीटरचा, तो कधीच मेलेला, आणि एक डिझेलचा, तो टाकी भरली तरी अर्ध्यावर आणि सांडली तरी अर्ध्यावर. तुम्ही माझी मिठाची वाटी उचलून नेलीत, डॅशच्या पत्र्यावर उपडी ठेवलीत आणि पेन्सिलीनं गोल काढलात. त्या गोलावर ड्रिलनं बारीक बारीक भोकं पाडलीत, मधली चकती ठोकून काढलीत आणि मग दोन दिवस कानस घासत बसलात. माझ्या मिठात पत्र्याचा कीस आला. मी बोलले नाही, तेव्हा मी बोलत नव्हते.

मीटर बसला पण काटा हलेना. तीन दिवस तुम्ही वायरी सोडल्या, पुन्हा जोडल्या. शेवटी ईटच्या इलेक्ट्रिशियननं सांगितलं की पाणी गळू नये म्हणून इंजिनात बसवलेल्या सेन्सरच्या आट्यांवर तुम्ही पांढरा टेप असा गच्च गुंडाळला होता, की अर्थिंगच मिळत नव्हतं. तुम्ही घरी येऊन म्हणालात, "जास्त काळजी घेतली की असं हुतंय." टेप सोडवला आणि काटा हळूच उठला. तुमच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी दारातून पदराआडून बघितला. नातू झाला तेव्हासुद्धा तुम्ही एवढे खुलला नव्हता, हे आज सांगून टाकते.

मग आला ऑइल प्रेशरचा. त्याला इंजिनापासून डॅशपर्यंत तांब्याची बारीक नळी. ती जोडावर पाझरायची आणि तुमच्या पायावर ऑइल टिपकायचं, म्हणून वर्षभर तुमच्या डाव्या चपलेला वास होता. पारावरची माणसं विचारायला लागली, "आण्णा, जीपचं इमान करून उडवायलाव का काय?" तुम्ही हसून पुढं जायचात. काहींना तुम्ही हसलात तेही रुचायचं नाही, कारण उत्तर दिलं नाही ना.

तिसरा आला आरपीएमचा, इंजिनाचे फेरे मोजणारा, भंगारातल्या ट्रकचा. इथं मात्र मी तोंड उघडलं. म्हटलं, मामंजी, अहो गिअर कधी बदलायचा हे तर माझ्यासारख्या बाईलासुद्धा इंजिनाच्या आवाजावरून कळतं, तुम्हाला त्याला मीटर कशाला? तुम्ही जरा वेळ माझ्याकडं बघत राहिलात. ओठांकडं बघत होता, हे मला फार नंतर समजलं. मग म्हणालात, "पोरी, तुझी ती नखाची बाटली दे बरं." माझ्या नेलपॉलिशनं तुम्ही त्या काचेवर तीन लाल रेघा ओढल्यात. इथं आला की दुसरा, इथं तिसरा, इथं चौथा. लग्नातली बाटली होती, अर्धी संपवलीत.

आता खंडेनवमीचं सांगते. आपण दोघांनी हे कुणालाच कधी सांगितलं नाही.

त्या वर्षी गाडीची पूजा माझ्याकडं होती. जीप धुतली, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. बोनेटला गंध लावलं, स्टिअरिंगला लावलं, आणि तुमच्या तीन मीटरना विसरले तर तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तिघांच्याही काचेवर मधोमध कुंकवाचं ओलं बोट टेकवलं. चांगलं जाड, ओघळून काच भरेल इतकं. तुम्ही बघितलंत, हात जोडलेत आणि काही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी दसरा. वस्तीवरच्या म्हातारीला घरचं सोनं द्यायचं म्हणून मीही मागं कॅनच्या शेजारी बसून आले होते. येताना दूध भरून उताराला लागलो, मग तो मधला खडा चढ. पुढून चिर्रर्र असा आवाज यायला लागला. पंख्याचा पट्टा किंचाळत होता. मी ऐकत होते. दहा मिनिटं ऐकत होते. पण मी कोण सांगणार? सगळा मुलूख ज्याच्या कानाची शपथ घेतो तो माणूस पुढं बसलाय, त्याला ऐकू येत असणारच, त्याला ठाऊक असणार काय करायचं ते. सुनेनं सासऱ्याला गाडी शिकवायची का?

चढाच्या डोक्यावर बोनेटमधून वाफेचा लोट उठला. तुम्ही गाडी थांबवलीत. आधी मीटरकडं बघितलंत. टेम्परेचरचा काटा काचेवर कुठंच नव्हता. तुम्ही धोतराच्या सोग्यानं कुंकू पुसलंत, आणि त्याच्या मागं काटा लालच्या शेवटाला टेकून उभा होता. मी पूजा केली होती ती बरोबर त्या काट्याच्या डोळ्यांवर.

मी रडायला लागले. म्हटलं, मामंजी, पट्टा केव्हाचा ओरडायलाय, मला वाटलं तुम्ही ऐकताय. तुम्ही वळलात. पुन्हा माझ्या ओठांकडं बघितलंत आणि म्हणालात, "कुठला पट्टा?"

एवढंच. इंजिन निवेपर्यंत एका दगडावर तुम्ही बसला होता, एकावर मी. कॅनमधलं दूध नासत चाललं होतं आणि आपल्याला दोघांना ते कळत होतं. शेवटी तुम्ही म्हणालात, "काचंवर बोट लावू नगंस. कडंला लाव. देवाला चालतंय." मला वाटलं, रागावतील. पण तुम्ही एवढं हळू म्हणालात, की तुमचा तुम्हाला आवाज ऐकू आला नसणार.

बहिरा हा शब्द आपण कधी उच्चारला नाही. तुम्ही "सांगू नको" म्हणाला नाहीत, मी "सांगणार नाही" म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधाच्या मापाची वही घेतली आणि तुमच्या शेजारी पुढच्या सीटवर येऊन बसले. सासऱ्याच्या मांडीला मांडी लावून सून पुढं बसली म्हणून काय काय बोललं गाव! सासूबाई असत्या तर त्यांनीही चार शब्द सुनावले असते. मी बोलू दिलं. इंजिनात काही वेगळं वाजलं की मी डॅशवर थाप मारायची, तुम्ही काट्यांकडं बघायचात, आणि आपण पुढं जायचो. त्याच दिवसांत कधीतरी मामंजी सुटलं आणि आण्णा सुरू झालं. पदर तर वाऱ्यानं केव्हाच खाली आला होता.

आणि तुम्ही मला शिकवलंत. तुमच्यासारखं कुणी कुणाला शिकवलं नसेल. पेचकसाची मूठ माझ्या कानाला, टोक इंजिनाला, आणि तुम्ही समोर उभे. "काय वाजतंय?" मी सांगायची, आण्णा, सुपात तांदूळ पाखडल्यासारखं. "टॅपेट," तुम्ही म्हणायचात. मी सांगायची, कुणीतरी लांब खलात कुटतंय. "बेरिंग. लवकर बघाया पायजे." तुम्हाला एकही आवाज येत नव्हता आणि एकही आवाज तुम्ही विसरला नव्हता. माझे ओठ थांबले की तुम्ही डोळे मिटायचात, पूर्वीसारखे. तेवढा वेळ तुम्हाला ऐकू येत होतं असं मला वाटायचं. अजून वाटतं.

कानाच्या मशीनवरून मात्र आपलं पटलं नाही. मी किती वेळा म्हटलं, सोलापूरला जाऊ, तपासू, हल्ली मक्याच्या दाण्याएवढी मशीन मिळते. तुम्ही म्हणायचात, "मशीन बसवलीया की. तीन बसवल्या." आणि डॅशकडं बोट दाखवायचात. मी चिडायची. गाडीला ऐकू येऊन काय उपयोग, माणसांचं काय? नातू शाळेतून येऊन तुम्हाला काही सांगायचा आणि तुम्ही भलत्याच गोष्टीला मान हलवायचात. तो हिरमुसून माझ्याकडं यायचा. तुम्हाला इंजिनाचा आवाज गेलेला सोसवला नाही, पण पोराचा गेलेला कसा सोसवला? हे मी तुम्हाला विचारायचं ठेवून दिलं होतं. आता कुणाला विचारू? या एका बाबतीत तुम्ही हट्टी होता, भित्रे होता, आणि तुम्ही गेलात म्हणून मी हे मागं घेणार नाही.

पण तुम्ही मला स्टिअरिंग दिलंत, हेही मागं घेणार नाही. गेली तीन वर्षं डोंगरातल्या सगळ्या वाटेवर जीप मी चालवली. तुमचे गुडघे क्लचवर थरथरायला लागले होते. गावाची वेस दिसायच्या आधी, त्या बाभळीच्या वळणावर आपण थांबायचो, मी बाजूला सरकायची, तुम्ही स्टिअरिंगवर बसायचात, आणि गावातून जीप तुम्हीच न्यायचात. भूमचा रस्ता लागला की पुन्हा अदलाबदल. एकदा मी म्हटलं, आण्णा, किती दिवस हे नाटक? तुम्ही म्हणालात, "म्या असंपातुर." म्हणजे तुम्ही असेपर्यंत. मला तेव्हा त्याचा राग आला होता. आज वाटतं, पुढची परवानगीच होती ती, पण तुम्हाला सरळ काही द्यायचं ठाऊकच नव्हतं.

रविवारी गिऱ्हाईक आलं. गॉगल, पांढरे बूट. टायरला लाथ मारून बघितली, बोनेट उघडलं, इंजिन चालू करायला लावलं. खूश झालं. मग आत वाकलं आणि तोंड वाकडं केलं. "इंजिन एक नंबर हाय. पर ह्यो डॅश? ही भोकं बुजवाया पत्रा मारावा लागंल. कुणी केलं ह्ये?"

बापू हसले. "आमचा चुलता. म्हातारपणाचा चाळा हो. मीटरची लई हौस."

आण्णा, मी सांगायचं नाही असंच ठरवलं होतं. तुम्ही जे आठ वर्षं झाकलंत ते मी अंगणात उघडं का पाडावं? पण त्या हौस शब्दानं माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "हौस न्हवती. आण्णास्नी ऐकू येत न्हवतं."

बापू म्हणाले, "वैनी, गेलेल्या माणसाला बहिरं म्हणायलाव?"

"व्हय, म्हणायले. बहिरा माणूस रोज डोंगरातनं दूध आणत व्हता. तुमी पारावरनं हाका मारल्या, त्या त्यांच्यापातुर गेल्याच न्हाईत, आन् तुमी त्यास्नी मगरूर ठरवून मोकळं झालाव. कान गेलं तर माणूस घरी बसतंय. आण्णांनी गाडीला डोळं लावून घेतलं."

यांनी मान वर केली. कितीतरी दिवसांनी. माझ्याकडं बघून विचारलं, "मला का न्हाय सांगितलं?" मुलाला कळू दिलं नाहीत आणि सुनेला कळू दिलंत, हे त्यांना लागलं. लागणारच. रात्री जेवताना म्हणाले, मी आण्णांशी नेहमी मोठ्यानंच बोलायचो, मला वाटायचं मी रागात आहे म्हणून. पण ते नंतर.

मी बापूंना म्हटलं, जीप विकायची नाही. ते म्हणाले, "मग चालवणार कोण?" मी म्हटलं, "तीन वरसं कोण चालवायलंय?" आणि तेही सांगून टाकलं, बाभळीच्या वळणाचं. एकदा झाकण उघडलंच होतं, तर अर्धं कशाला ठेवा?

मग मी आत गेले, ड्रिल घेऊन आले. बॅटरीचा मीटर मी महिन्यापूर्वीच आणून कपाटात ठेवला होता, तुमच्या नकळत. आपलं शेवटचं भांडण त्याच्यावरूनच होतं. मी म्हणायची, पट्टा सुटला की पाणी तापायच्या आधी चार्जिंग पडतं, हा काटा आधी सांगेल. तुम्ही म्हणायचात, "तीन बास. चवथी तू हाईस न्हवं शेजारी." म्हणून मीटर कपाटातच राहिला.

तिन्ही काट्यांच्या डाव्या अंगाला जागा होती. पेन्सिलीनं गोल काढला. ड्रिलची वायर अपुरी पडली. मी इकडं तिकडं बघतेय तोवर हे उठले, ओसरीवरचा एक्स्टेंशन बोर्ड ओढत आणला आणि बटण दाबलं. बापूंकडं बघितलंही नाही.

गिऱ्हाईक ओरडलं, "अहो बाई, अजून भोक? आता ही गाडी फुकट बी कोण न्हेणार न्हाय!"

म्हटलं, "म्हणूनच."

आणि पत्र्यावर ड्रिल टेकवलं. पहिलं भोक रेघेच्या बाहेर गेलं. तुम्ही असता तर ड्रिल हातातून हिसकावून घेतलं असतं. भोक तुमच्यासारखं गोल झालं नाही, एका बाजूनं जरा पोट सुटलंय त्याचं. राहू दे. मीटर बसला, अर्थिंग मिळालं, काटा पहिल्या झटक्यात उठला. टेप मी लावलाच नव्हता.

तुम्ही नाही म्हणाला होता, आण्णा. मी ऐकलं आणि तरी लावला. चौथी मी होते ती शेजारच्या सीटवर. आता मी इकडं असते आणि ती सीट रिकामी असते, कुणी थाप मारत नाही. तुमच्याशी हे भांडण मी जिंकले, आणि जिंकून मला काही बरं वाटलेलं नाही.

सोमवारी सकाळी डोंगर चढले. वस्त्यांवरचे कॅन भरले. म्हातारीनं विचारलं, एकटीच का गं? मी मान हलवली. येताना बाभळीच्या वळणावर पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी थांबली. जरा वेळ इंजिन चालू ठेवून तशीच बसले, आणि मोठ्यानं रडले. मग डोळे पुसले, चारही काटे बघितले, गिअर टाकला आणि वेशीतून जीप आत घातली. पारावर सगळे होते. मी ती दुसऱ्या गिअरमध्ये, अगदी सावकाश नेली, सगळ्यांना नीट बघता यावं म्हणून.